नंबरकाकांची करंगळी

"आजोबा, तुम्हाला काय येतं?"

प्रश्न साधा होता. विचारणारी पावणेसात वर्षांची होती आणि तिचा वरचा एक दात नुकताच पडला होता, त्यामुळे प्रश्नातून थोडी हवाही येत होती. पण चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही वरिष्ठाने नंबरकाकांना इतकं अडचणीत आणलं नव्हतं.

येत तर त्यांना पुष्कळ होतं. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूमचे ते प्रमुख. तळघरात लाख-सव्वा लाख फायली, आणि त्यातली कुठलीही मागा, चहा निवायच्या आत टेबलावर हजर. एखादी फाईल कोणी वर नेली, तर तिच्या जागी ते एक चिठ्ठी खोचत: कोणाकडे, कधीपासून. चिठ्ठी न ठेवता कोणी फाईल पळवलीच, तर नंबरकाका कपाटासमोर उभे राहून फायलींच्या कडांवरून नुसता अंगठा फिरवत नेत, आणि जिथे फाईल नसे तिथे अंगठा आपोआप थबके. घरीही त्यांनी डब्यांना, छत्र्यांना आणि पायपुसण्यांना नंबर टाकले होते, म्हणून तर बिल्डिंगने त्यांना नंबरकाका करून टाकलं. पण आता दात पडलेल्या मुलीला "मला पायपुसण्यांना नंबर टाकता येतात" असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्यातून समोर व्याही बसले होते. आधीच सहा फूट उंच, डोक्यावर सगळे केस शाबूत, आणि खिशात माउथ ऑर्गन. लेकीचं सासर म्हणजे व्याह्यांचं घर, तेव्हा नात त्यांच्याच घरी राहणार हे ओघानेच आलं. तिथे तिला रोज सकाळी माउथ ऑर्गन वाजवून उठवलं जाई. नंबरकाकांच्या वाट्याला ती एक रविवार सोडून एक रविवार येई, आणि त्यातही निम्मा वेळ तिला झोप आलेली असे.

"हे आजोबा बाजा वाजवतात," नातीने मुद्दा स्पष्ट केला. "तुम्ही काय करता?"

"जादू," नंबरकाका म्हणाले.

बायकोचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

"पत्त्यांची," नंबरकाकांनी पुस्ती जोडली. तपशील दिला की थाप खरी वाटते, हे हजारो लोकांचे रजेचे अर्ज जपून ठेवताना त्यांच्या लक्षात आलं होतं.

"खरंच? मग माझ्या वाढदिवसाला करा! मी सगळ्या मैत्रिणींना सांगते!"

"करतील की," व्याही मिशीत हसत म्हणाले. "आपण सगळे बसून बघू."

त्या 'बघू'मध्ये काय काय होतं, ते ज्यांना व्याही आहेत त्यांनाच कळेल.

व्याह्यांकडून दोघं घरी परतली. कुलूप उघडताना बायको म्हणाली, "सहा आठवडे आहेत. तोवर आजारी पडायचं असेल तर आत्तापासून खोकायला लागा."

नंबरकाका खोकले नाहीत. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना त्यांनी पत्त्यांचा एक कॅट आणि 'एकवीस दिवसांत पत्त्यांवर ताबा' अशी एक पातळ पुस्तिका आणली. तिला चोवीस पानं होती आणि मधली चार गायब होती. नंबरकाकांनी त्या जागी ताबडतोब चिठ्ठी खोचली.

पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं: बघणारा एक पान निवडतो, लक्षात ठेवतो आणि गठ्ठ्याच्या मध्यभागी परत ठेवतो. वरचे पत्ते त्यावर टेकवताना जादूगार करंगळीचं टोक हळूच मध्ये घालतो. एवढीशी फट. ती बघणाऱ्याला दिसत नाही, जादूगाराला मात्र तिथे काय आहे ते कळतं. मग पत्ते पिसल्याचं नाटक करत ते पान गुपचूप सगळ्यात वर आणायचं, आणि टाळ्या घ्यायच्या. म्हणजे सगळी भिस्त करंगळीवर. नंबरकाकांनी आपली करंगळी उजेडात धरून नीट पाहिली. सत्तावन्न वर्षं ती त्यांच्याबरोबर होती. पण तिच्यावर कधी काही जबाबदारी येईल असं ना त्यांना वाटलं होतं, ना तिला.

पहिल्या आठवड्यात पत्ते घरभर झाले. चौकट गुलाम दुधाच्या पातेल्यात सापडला, किलवर पंजी बायकोच्या चपलेत. चपलेचा नंबर तीन होता. तिथे पंजी निघाल्याचं नंबरकाकांना जरा जास्तच लागलं.

शेजारच्या टायपिंग मास्तरांना पत्त्यांची फडफड भिंतीतून ऐकू गेली आणि ते सल्ला द्यायला आले. मास्तरांनी टायपिंगचा क्लास बंद करून बारा वर्षं झाली होती, पण बोटांबद्दलचा अधिकार सोडलेला नव्हता.

"दाखवा करंगळी," ते म्हणाले. त्यांनी ती मागे-पुढे वाकवली. "हं. मुळातच आळशी. करंगळीची जातच तशी. मी आयुष्यात तीन हजार करंगळ्या सरळ केल्यात. रोज सकाळी दोनशे वेळा टेबलावर आपटायची. नुसती करंगळी. बाकीच्या बोटांनी बघत बसायचं."

"बाकीची बोटं हलतात हो."

"हलली की बांधायची."

तेव्हा तीन बोटं सुतळीने बांधलेला एक सरकारी कर्मचारी रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर करंगळी आपटू लागला. खालच्या मजल्यावरून निरोप आला, की छतातून ठकठक येते, पाइप गळतोय का बघा.

खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहत. चाळीस वर्षं त्यांच्यासमोर कोणी हसलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतरही लोकांनी तो शिरस्ता मोडला नव्हता. बायकोने नंबरकाकांना पत्त्यांसकट बाल्कनीत हाकललं आणि तिथून प्रकरणाने नवीन वळण घेतलं. बाल्कनीत वारा होता. करंगळीची फट घेताना एक पान निसटलं, गिरक्या घेत खाली गेलं आणि मुख्याध्यापिकांच्या बाल्कनीत त्यांच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर अलगद टेकलं. बदाम राणी.

नंबरकाका खाली गेले, माफी मागून पान घेऊन आले. दोन दिवसांनी पुन्हा एक पान पडलं. पुन्हा बदाम राणी. या वेळी मुख्याध्यापिकांनी पान चिमटीत धरून दाराच्या फटीतून दिलं. तिसऱ्यांदा कोणाला खाली जावंच लागलं नाही. पान पाकिटात घालून वर आलं, आणि पाकिटावर लाल शाईने लिहिलं होतं: 'वयास शोभेल असे वागावे.'

पाकीट बायकोने उघडलं.

"राणीच बरी पडते?" तिने विचारलं. "गुलाम कसा कधी पडत नाही?"

"वाऱ्याला काय कळतं गं!"

"वाऱ्याला नाही कळत," बायको म्हणाली, आणि आत निघून गेली. त्यानंतर दोन दिवस घरात मीठ बेताचंच पडत होतं. नंबरकाकांनी तेव्हापासून बाल्कनी बंद केली आणि रोज सकाळी पत्ते मोजून बावन्न भरल्याची वहीत सही करायला सुरुवात केली.

करंगळी हळूहळू ताळ्यावर आली. फट नीट पडू लागली. आता खरी अडचण पुढे आली, आणि ती अशी होती की जादूच्या इतिहासात ती आणखी कोणाला आली असेल असं वाटत नाही.

"एक पान काढ," एका संध्याकाळी ते बायकोला म्हणाले. तिने काढलं, परत ठेवलं. नंबरकाकांनी फट घेतली, पत्ते पिसले, वरचं पान मोठ्या डौलात उलटलं. "हेच ना?"

"नाही. आणि अहो, हे तुम्ही पिसलंत की लावलंत?"

नंबरकाकांनी पत्ते पसरून पाहिले. इस्पिक एक्क्यापासून राजापर्यंत, मग बदाम, मग चौकट, मग किलवर. सगळं ओळीने, एकही पान इकडचं तिकडे नाही. चौतीस वर्षं ज्या हातांनी विस्कटलेलं लावलं होतं, त्या हातांना विस्कटणं मुळी शिकवलेलंच नव्हतं. गठ्ठा हातात आला आणि मन जरा दुसरीकडे गेलं, की डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत चार ढीग होत, उजवा अंगठा एकेक पान सरकवत जाई, आणि दीड-दोन मिनिटांत सगळं जागच्या जागी. पिसायचं ठरवलं की हात ऐकत. पण जरा बोलण्यात गुंतले, की गेलेच आपल्या वळणावर.

कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारबुवा बसत. तरुणपणी ते शाळाशाळांतून जादूचे प्रयोग करायचे, अशी वदंता होती. नंबरकाका त्यांच्याकडे गेले. घड्याळवाल्यांनी डोळ्यातलं भिंग न काढता सगळा प्रयोग पाहिला.

"बोटं वाईट नाहीत," ते म्हणाले. "पण तुम्ही स्वतःच्या हातांकडे असं बघता, की त्यांनी काहीतरी चोरलंय."

"मग कुठे बघू?"

"दुसरीकडे. कुठेही. तुम्ही जिथे बघाल ना, तिथे लोक बघतात. हात खाली काय करतायत ते कोणी बघत नाही. सगळी जादू म्हणजे एवढंच. बाकी मग नुसती करंगळी."

दुसऱ्या कोणी ह्या सल्ल्याचा सैलसा अर्थ घेतला असता. पण नंबरकाकांना सूचना मिळाली की ती अमलात आणायची सवय. 'कुठेही' हे त्यांना मोघम वाटलं. त्यांनी एक ठिकाण कायम केलं: छताचा पंखा. पान निवडायला दिलं की पंखा. पान परत घेताना पंखा. बायको म्हणाली, असंच चालू राहिलं तर मानेचा पट्टा लागेल.

वाढदिवसाला दहा दिवस उरले असताना कचेरीने घाला घातला. मधल्या सुट्टीत सराव करून पत्ते ड्रॉवरमध्ये ठेवायचे, हा त्यांचा क्रम होता. नवीन साहेब एक फाईल शोधायला स्वतः खाली उतरले, हे त्यांचं चुकलंच. नंबरकाका चहाला गेले होते, तेव्हा साहेबांनी ड्रॉवर उघडला, हे आणखी चुकलं. दुसऱ्या दिवशी मेमो आला. 'आपल्या ताब्यात कार्यालयीन वेळेत जुगाराचे साहित्य आढळून आले. आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

जुगार! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पैज म्हणून कधी "बघ हं, पाऊस येतो की नाही" एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं, त्याच्यावर! नंबरकाकांनी चार पानी खुलासा लिहिला. सोबत परिशिष्ट 'अ': नातीचा वाढदिवस. परिशिष्ट 'ब': करंगळीच्या हालचालींचा तक्ता. परिशिष्ट 'क': बावन्न पत्त्यांची दैनिक वही, सह्यांसह.

साहेब तरुण होते आणि कायद्याला धरून होते. "खुलासा ठीक आहे," ते म्हणाले, "पण सादर केलेली बाब तपासून पाहिली पाहिजे. प्रात्यक्षिक द्या."

साहेबांच्या दालनात प्रात्यक्षिक झालं. साक्षीला स्टेनोबाई होत्या. साहेबांनी पान काढलं, स्टेनोबाईंनी त्याची नोंद घेतली, पान परत गठ्ठ्यात गेलं. नंबरकाकांनी पंख्याकडे पाहत फट घेतली. ती घेताना साहेबांनी मध्येच विचारलं, "सेवेत किती वर्षं झाली?" आणि नंबरकाका बोलण्यात गुंतले. नेमणुकीची तारीख, पहिली बदली, तळघरात पाणी शिरलं ते साल. मग त्यांनी वरचं पान उलटलं. इस्पिक एक्का.

"माझी चौकट नव्वी होती," साहेब म्हणाले.

स्टेनोबाईंनी पत्ते पसरले. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "सगळे लागलेत! एकसुद्धा चुकलं नाही!"

संध्याकाळी फायलीवर शेरा आला: 'सदर कर्मचाऱ्याच्या हातून पत्ते पिसले जात नसून लावले जातात, याची समक्ष खात्री केली. अशा स्थितीत सदर कर्मचारी जुगार खेळू शकतील, हे संभवनीय वाटत नाही. तसेच त्यांना जादू येते, असेही आढळून आले नाही. प्रकरण दप्तरी दाखल करावे.'

दप्तरी दाखल कोण करणार? रेकॉर्ड रूमचे प्रमुख. नंबरकाकांनी स्वतःच्या हाताने आपल्या अपमानाला नंबर टाकला आणि तो त्याच्या जागी लावला. जागा मात्र चुकवली नाही. अपमान झाला म्हणून क्रम सोडायचा, असं थोडंच आहे!

उरलेले दिवस त्यांनी हातांवर पाळत ठेवून सराव केला. गप्प राहिलं आणि मनात 'पिस, पिस, पिस' म्हणत गेलं, की दहातून सात वेळा पान वर येत होतं. मधल्या रविवारी नात आली होती, तेव्हा मात्र आतल्या खोलीत सात वेळा पान हरवलं. ती दारातून बघतेय, हे त्यांना शेवटी कळलं.

"हा सराव आहे," ते म्हणाले.

"हो," नात म्हणाली. तिने आणखी काही विचारलं नाही, आणि नेमकं त्याचंच नंबरकाकांना वाईट वाटलं.

वाढदिवस दुपारी होता, व्याह्यांच्या दिवाणखान्यात. अकरा मैत्रिणी, त्यांच्या आया, फुगे, केक. आधी व्याह्यांनी माउथ ऑर्गन वाजवला. मग आग्रह झाला म्हणून आणखी वाजवला. मग आग्रह झाला नाही तरी वाजवला. मैत्रिणी नाचल्या. व्याह्यांनी माउथ ऑर्गन रुमालाने पुसला आणि म्हणाले, "चला, आता खरा कार्यक्रम. जादूगार, या!"

नंबरकाका उठले. सकाळीच पत्ते मोजून सही केली होती: बावन्न. करंगळीही तयार होती.

"एक पान काढ. सगळ्यांना दाखव, मला नको."

नातीने पान काढलं, मैत्रिणींना दाखवलं, त्या खिदळल्या. नंबरकाकांनी गठ्ठ्याचे दोन भाग केले, खालचा भाग तिच्यासमोर धरला, ठरल्याप्रमाणे मान वर केली आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "ठेव त्यावर."

आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा घड्याळवाल्यांचं म्हणणं खरं झालं. दिवाणखान्यातली झाडून सगळी माणसं पंख्याकडे बघू लागली. व्याहीसुद्धा.

"ठेवलं," नात म्हणाली.

करंगळीने फट घेतली. नंबरकाका 'पिस, पिस' सुरू करणार, एवढ्यात व्याही पुढे सरसावले. "थांबा, थांबा! आम्ही पिसणार. नाहीतर लोक म्हणतील, आधीच ठरवलं होतं." आणि नंबरकाका 'अहो' म्हणेपर्यंत गठ्ठा त्यांच्या हातातून गेला. फट मिटली. व्याह्यांनी पत्ते असे पिसले, की कॅट बनवणाऱ्यालासुद्धा ते ओळखू आले नसते. मग गठ्ठा परत नंबरकाकांच्या हातात ठेवत ते म्हणाले, "हं. काढा आता."

पुस्तिकेत यावर उपाय असेल, तर तो त्या हरवलेल्या चार पानांत असावा. अकरा मैत्रिणी टक लावून बघत होत्या. लेक मान खाली घालून केकचे तुकडे पुन्हा कापत होती. बायको एकटीच सरळ त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिने पर्स हातात घेतली होती. म्हणजे पळायचं झालं तर ती बरोबर येणार होती.

काहीतरी बोलायला हवं होतं. नंबरकाका नातीच्या चेहऱ्याकडे पाहत बोलू लागले. "जादू म्हणजे काय, की प्रत्येक गोष्टीला तिची जागा असते... आता आमच्याकडे तळघरात..." ते काय बोलत होते ते त्यांनाच कळत नव्हतं. मैत्रिणी मात्र हळूहळू पुढे सरकल्या. कारण खाली नंबरकाकांच्या हातांनी आपलं काम सुरू केलं होतं. डाव्या हाताच्या बेचक्यांत चार ढीग झाले, पत्ते सपसप सरकत होते, आणि हा माणूस त्यांच्याकडे बघतही नव्हता. व्याह्यांचा माउथ ऑर्गन हातातच राहिला.

ढीग एकावर एक बसले. अंगठा सवयीने कडेवरून फिरत निघाला. इस्पिक पूर्ण. बदाम, एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की...

अंगठा थबकला.

पुन्हा मागे जाऊन फिरला. पुन्हा तिथेच थबकला. छक्की, आणि पुढे अठ्ठी. मध्ये जागा. सकाळी बावन्न होते, सही होती. म्हणजे चिठ्ठी न ठेवता पान कोणीतरी नेलं होतं, आणि ते शेवटचं कोणाच्या हातात होतं, ते तर सगळ्या खोलीला ठाऊक होतं.

नंबरकाकांनी गठ्ठा मिटला. आवाज आपोआप तळघरातल्यासारखा आला.

"तुझं पान बदाम सत्ती," ते म्हणाले. "आणि ते ह्या गठ्ठ्यात नाही. ते तुझ्याकडे आहे."

नातीचे डोळे एवढे मोठे झाले. तिने फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि बदाम सत्ती बाहेर काढली.

पुढे काय झालं ते सांगायला नको. मैत्रिणींनी घर डोक्यावर घेतलं. एकीने आपल्या आईला तिथल्या तिथे विचारलं की आपल्याकडे असे आजोबा का नाहीत. व्याही गर्दीतून वाट काढत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पिसले तर मीच होते. मग तिच्या खिशात... शिकवाल का हो मला?"

"अर्ज करा," नंबरकाका म्हणाले. "नमुना पाठवतो."

निघताना चपला घालायला ते वाकले, तेव्हा नात कानाशी आली.

"आजोबा, मी पान ठेवलंच नव्हतं."

"कळलं मला."

"तुम्ही दर वेळी हरवता ना, म्हणून मी जपून ठेवलं. मग शेवटी मीच दिलं असतं तुम्हाला."

नंबरकाका चपलेच्या पट्ट्याशी उगाच खटपट करत राहिले. मग म्हणाले, "पण कोणी पाहिलं कसं नाही तुला?"

"सगळे पंख्याकडे बघत होते."

"तूही बघायचंस ना!"

"मी कशाला? आमच्याच घरातला पंखा आहे. रोजच तर बघते." तिने बदाम सत्ती पुढे केली. "हे घ्या."

"राहू दे तुझ्याकडे."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "खरं सांगा, कसं केलंत?" नंबरकाकांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. तेवढ्यात त्यांनी खिशातून कॅट काढला, बदाम छक्की आणि अठ्ठीच्या मध्ये एक चिठ्ठी खोचली आणि गठ्ठा मिटून टाकला. चिठ्ठीवर रीतसर लिहिलेलं होतं: 'बदाम सत्ती. नातीकडे, आजपासून. परत मागवू नये.'